लेकीच्या प्रश्नाला उत्तर

जुहू, रविवार

प्रिय सखे,

तुझ्या लेकीने धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारलेला प्रश्न वाचला आणि आधी तिचं कौतुकच वाटलं. येशूच्या कृपेने तारण होतं, तर दहा आज्ञा पाठ कशाला करायच्या? हा प्रश्न पडल्यावाचून कुणी ख्रिस्ती मूल मोठं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तिला आधी निर्गमातला क्रम दाखव. सीनाय डोंगरावर आज्ञा मिळाल्या त्या मिसर देशातून सुटका झाल्यानंतर. 'हे पाळा, मग सोडवतो' अशी अट देवाने गुलामांना घातली नव्हती. आधी सोडवलं, मग सुटलेल्या माणसांनी कसं जगायचं ते सांगितलं. विश्रांतीच्या दिवसाचीच आज्ञा घे (आपण कॅथलिक तिला तिसरी म्हणतो, बरेच प्रोटेस्टंट चौथी). त्यात घरधन्याबरोबर चाकर, दासी, परका, गुरंढोरं, सगळ्यांना सुट्टी आहे. कालपर्यंत ज्यांना स्वतःला उसंत नव्हती, त्यांनी आता दुसऱ्याची हिरावायची नाही. इथल्या टॉवरांत रविवारीही भल्या सकाळी कामाला येणाऱ्या बायका दिसतात. मिस्सा चुकवायची नाही म्हणणाऱ्या घराने आपल्या बाईला आठवड्याची सुट्टी दिली नाही, तर आज्ञा मोडली, असंच मी म्हणेन.

गांधीजी 1924 मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीसाठी आमच्या जुहूच्या किनाऱ्यावर राहिले होते, हे तुला ठाऊकच आहे. पुढच्या वर्षी 'सत्याचे प्रयोग' प्रसिद्ध होऊ लागलं. त्यात ते मोकळेपणाने लिहितात, की लंडनमध्ये बायबल वाचताना उत्पत्तीच्या पुढे त्यांना झोप यायची आणि गणनेचं पुस्तक मुळीच आवडलं नाही. डोंगरावरचं प्रवचन मात्र थेट हृदयाला भिडलं. आपल्यातलेही बरेच जण असेच वाचतात. पण त्या प्रवचनातच येशू सांगतो, की नियमशास्त्र रद्द करायला मी आलेलो नाही, ते पूर्ण करायला आलोय. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा लेवीयच्या 19व्या अध्यायातली. मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, हेही तिथलंच. प्रीती म्हणजे रोजच्या व्यवहारात नेमकं काय, ते नियमशास्त्र नावानिशी सांगतं. नुसतं 'प्रेम करा' म्हटलं की आपण सोयीचं तेवढंच करतो.

आणि ते पुरतं पाळणं आपल्याला जमत नाही, हेही तिच्यापासून लपवू नकोस. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो, की लोभ धरू नको हे वाचलं तेव्हा त्याला स्वतःतला लोभ दिसला. आरसा डाग दाखवतो, धूत नाही. धुण्यासाठी ख्रिस्ताकडेच जावं लागतं. क्षमा मिळाल्यावर त्याच आज्ञा ओझं वाटेनाशा होतात. धाकापोटी पाळलेलं आणि कृतज्ञतेने पाळलेलं यांत मला तरी जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

लेकीला वाचायला रूथचं पुस्तक दे, चारच अध्याय आहेत. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, गळालेली कणसं गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यायची, हाही लेवीयच्या त्याच अध्यायातला नियम. मवाबातून आलेली विधवा रूथ त्यावरच सासूला जगवते, बवाजाच्या शेतात सरवा वेचून. पुढे तिच्याच वंशात दावीद जन्मला, आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचं नाव लिहिलं.

तुझीच,
जुहूची मैत्रीण