दौलताबादच्या पायथ्याची आठवण

औरंगाबादहून वेरूळच्या रस्त्याला लागले की पंधरा किलोमीटरवर दौलताबादचा डोंगर समोर उभा राहतो. त्याचे कडे असे तासून काढले आहेत की घोरपडही चढू नये. शाळेची सहल असो की घरी आलेले पाहुणे, आम्हा औरंगाबादकरांची पावले इकडे वळतातच. मुले चांदमिनारसमोर फोटो काढतात, अंधारीत एकमेकांचे हात घट्ट धरतात, मेंढा तोफेभोवती गर्दी करतात.

गाईड यादवांची देवगिरी सांगतो आणि १३२७ साली मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे कशी हलवली ते रंगवून सांगतो. चिनी महालापाशी गोवळकोंड्याच्या अबुल हसन तानाशाहची कैद सांगून तो थांबतो. आम्ही मात्र मुलांना त्यापुढची एक गोष्ट सांगतो. तिला अजून ऐंशी वर्षेही झालेली नाहीत.

सप्टेंबर १९४८ मध्ये चाळीसगावकडून आलेल्या भारतीय फौजेने कन्नड घेतले, दौलताबाद घेतले आणि ती औरंगाबादकडे सरकली. आपल्या घरांतली वडीलधारी माणसे त्याला 'पुलिस ॲक्शन' म्हणतात. कुणाचा जन्म, कुणाचा निकाह त्याच्या आधीचा की नंतरचा, असा हिशेब आमच्या लहानपणी घरोघरी चाले. शाळेत १७ सप्टेंबरला आम्ही मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा फडकवतो. दोन्ही शब्द एकाच आठवड्याचे आहेत.

त्या आठवड्यामागे वर्षभराची कहाणी होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात 'जैसे थे' करार झाला, पण वाटाघाटी काही पुढे सरकल्या नाहीत. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगावी खंडणी, लूट आणि खून मांडले. हिंदू शेतकरी त्यात भरडला गेला आणि विरोधात बोलणारा मुसलमानही वाचला नाही. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाह खान यांनी भारतात सामील होण्याची बाजू लेखणीने मांडली. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांना ठार करण्यात आले.

त्याच सुमारास, २१ ऑगस्टला, निजाम सरकारची तार संयुक्त राष्ट्रांकडे गेली. सुरक्षा परिषद पॅरिसमध्ये भरली ती १६ सप्टेंबरला. फौजा हद्दीत शिरल्यावर तीन दिवसांनी. हैदराबादतर्फे मोईन नवाज जंग बोलले, भारतातर्फे रामस्वामी मुदलियार. मुख्य वाद कशावर? हैदराबाद स्वतंत्र राज्य आहे की नाही, परिषदेला हा विषय घेता येतो की नाही, यावर. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली आणि काही दिवसांत तक्रार मागे घेत असल्याची तारही पाठवली. परिषदेने कोणताही ठराव केला नाही.

इकडे मराठवाड्यात सामान्य माणसाची परवड तेव्हा सुरू झाली होती. रझाकारांचा सूड ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती अशा मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे सद्भावना मंडळ नोव्हेंबरअखेर आले आणि डिसेंबरमध्ये त्याने जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून लोकांना विचारले. किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडमध्ये झाली. औरंगाबाद जिल्हा त्यामानाने कमी होरपळला. हा अहवाल कित्येक दशके सामान्य वाचकापर्यंत पोहोचलाच नाही.

हे मंडळ खेडी पालथी घालत असतानाच पॅरिसमध्ये ९ डिसेंबरला वंशसंहारविरोधी करार आणि १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. टीव्हीवर सुरक्षा परिषदेची बैठक दिसली की मुले विचारतात, हे लोक लढाई थांबवतात का? कधी थांबवतातही. पण देशांचे कज्जे तिथे लवकर ऐकले जातात आणि माणसांचे उशिरा, हे १९४८ चे उत्तर आम्ही त्यांना देतो.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना वाचवले आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही दिले. कुणाच्या तारेची त्यांनी वाट पाहिली नाही. हातमाग शेजारी होते, तेवढे त्यांना पुरले.

किल्ल्यात शिरल्यावर डावीकडे जुनी जामा मशीद आहे. तिचे खांब देवळांचे आहेत, बांधणी खिलजीच्या काळातली आणि संस्थान विलीन झाल्यावर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. आम्ही मुलांना तिथे शांतपणे उभे करतो. हे खांब कुणाचे, मशीद कुणाची, मूर्ती केव्हाची, तिन्ही प्रश्नांची खरी उत्तरे त्यांना देतो. एकच उत्तर देऊन बाकीची गाळणे सोपे असते, पण अर्धा इतिहास घेऊन गेलेले मूल उद्या वर्गातल्या मित्राशी भांडते.

दौलताबादला जाल तर सकाळी लवकर जा, पाणी सोबत ठेवा, चढ दमवणारा आहे. आणि घरात पुलिस ॲक्शनच्या दिवसांची आठवण सांगणारे कुणी असेल, तर जाण्याआधी त्यांच्याजवळ तासभर बसा. कुणी मारले हे तर विचाराच. कुणी दार उघडून आत घेतले, हेही विचारा. त्या माणसाचे नाव वहीत लिहून ठेवा.