संभाव्यता आणि प्रायिकता

पुण्याच्या 'आयसर'मध्ये पाच वर्षांच्या बीएस-एमएससाठी प्रवेश म्हणजे तीन तासांत साठ प्रश्न. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. पवनीची एक विद्यार्थिनी सरावपत्रिका घेऊन आम्हा मराठीवाल्यांकडे येते. (विज्ञानाची मुलगी इथे कशाला, असे विचारणारे सहकारी आहेतच.) गणित तिला येते, अडते ते 'अ‍ॅट मोस्ट'पाशी. आम्ही 'जास्तीत जास्त' म्हणतो, ती सोडवून मोकळी होते. 'नीट' मराठीतून देता येते, ही परीक्षा मात्र इंग्रजी-हिंदीतूनच. विदर्भात हिंदी सर्वांनाच येते म्हणतात, ती बाजारातली. दहावीपर्यंत 'संभाव्यता' शिकलेल्या मुलीला हिंदीतली 'प्रायिकता' परकीच. मग हे कसोटीला लागते ते विज्ञान की भाषांतर? आमचा वाद रंगलेला असताना तिने पान उलटले: "सर, पुढचा घेऊ?"