गव्हाविना शिदोरी

आहारतज्ज्ञ म्हणून सीलिअ‍ॅकच्या, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न चालणाऱ्या, रुग्णांना मी सहलीसाठी फारसं काही सांगत नाही. महिनाभर आधी ठरलेल्या सहलीची तयारी घरोघरी नीट होते. खरी अडचण होते ती रात्री अकराला ‘आत्या गेल्या, लगेच निघा’ असा फोन आला की. डबा भरायला कुणाचे हात चालत नाहीत, ढाब्यावर चौकशा करायचं त्राण नसतं आणि पोचल्यावर शेजारणीने आणून दिलेल्या पिठलं-भातात हिंग कुठला घातलाय, हे विचारायला तोंड उघडत नाही.

गंमत अशी, की हिंगाचं विचारायलाच हवं. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून आपल्या डबीतल्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो. पाकीट वाचून घ्यावा. चिमटीने काय होतंय, असं सासरची मंडळी म्हणतात. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवून दिलं, की रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी सीलिअ‍ॅकच्या रुग्णाच्या आतड्याला इजा होते. एका मध्यम पोळीत दोनेक ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे हा झाला पोळीचा चाळिसावा तुकडा. शिवाय काहींना एवढ्यातेवढ्यानेही काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. गाडी घाटात अडकलेली असताना ते नको.

म्हणून माझं सांगणं एकच: अशा प्रवासाची पिशवी फोन येण्याआधीच भरलेली असावी, आणि ती इतकी पुरेशी असावी की दोन दिवस कुणाला काही विचारावं लागू नये.

पिशवीची सुरुवात गिरणीपासून होते. गव्हावर दळलेली ज्वारी सीलिअ‍ॅकच्या माणसाला चालत नाही. जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं. डाळीच्या पिठाचंही तेच. घरघंटी असली आणि तिच्यात गहू कधीच घातला नसला तर उत्तम. नसेल तर उपासाची भाजणी वेगळ्या जात्यावर दळून देणारा गिरणीवाला गाठावा. ‘ग्लुटेन’ त्याला कळणार नाही, पण ‘उपासाचं आहे’ म्हटलं की तो काय सांभाळायचं ते बरोबर सांभाळतो.

अशा पिठाच्या, वेगळ्या तव्यावर भाजलेल्या कडक भाकऱ्या हवाबंद डब्यात कितीतरी दिवस टिकतात. सोबत लसणाची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, फरसाण न घातलेला पोह्यांचा चिवडा. नुसते पातळ पोहेही ठेवावेत. वाटेत बंद डब्यातलं दही मिळालं की जेवण झालं. आपल्या जुन्या शिदोरीतल्या दोन पदार्थांना मात्र मी हात लावू देत नाही: मेतकूट आणि सातूचं पीठ. दोन्हींत परंपरेनेच गहू असतो. मेतकूट हवंच तर गहू आणि हिंग वगळून घरी करा, भाताबरोबर तेवढंच छान लागतं. थालिपिठाच्या भाजणीचीही तीच गत.

दाणे खवट होतात, चटणी जुनी होते. म्हणून एकादशीला पिशवी उघडून उपासाचं खाऊन टाकायचं, बाकीचं वास घेऊन बदलायचं आणि लगेच पुन्हा भरायची.

रस्त्यावर भरवसा सालीतल्या खाण्यावर ठेवावा: केळी, शहाळं, न सोललेली उकडलेली अंडी. भाजलेलं कणीस मीठ-लिंबू लावून. चाट मसाला नको, त्यात हिंग असतो. मसाला ताकातही असू शकतो. साबुदाणा वड्याने भले भले फसतात. वडा निर्दोष, पण कढई समोशाची. आणि तेल कितीही कडकडीत असलं तरी ग्लुटेन जळून नाहीसं होत नाही.

मुक्काम लांबणार असेल तर पिशवीत तांदूळ, मुगाची डाळ, हळद-मीठ आणि आपली पळी टाकावी. पोचल्यावर एवढंच म्हणावं, “वहिनी, मला डॉक्टरांचं पथ्य आहे. खिचडी माझी मी लावते, तुम्ही फक्त एक पातेलं द्या.” दुःखाच्या घरातही पथ्याला कुणी आडवं येत नाही. पातेलं स्टीलचं मागावं आणि पुन्हा एकदा आपल्या हाताने घासून घ्यावं. त्यांची लाकडी पळी मात्र घेऊ नये. तिच्या चिरांतून पीठ निघता निघत नाही.