पंगत झाली, हिशेबाचं काय?

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना अकोला, वाडेगाव करत आमच्या पातूरला येते. पंगती, चहा, पाणी. भजनी मंडळाला त्या दिवशी बसायला फुरसत नसते. विटभट्ट्या बंद होतात त्याही याच सुमारास, पावसाच्या तोंडावर. मग तिथं राबलेली मेळघाटातली, बुऱ्हाणपूर-खंडव्याकडची कोरकू कुटुंबं बोचकी घेऊन रस्त्याला लागतात.

एका वर्षी पंगतीच्या कडेला बसलेल्या त्यातल्याच एका बाईजवळ शाळेची वही दिसली. पानभर रेघा. तिच्या पोरानं मारलेल्या. एक रेघ म्हणजे हजार विटा. भट्टीवाल्याच्या हिशेबाशी त्यांचा मेळ नव्हता. दिवाळीची उचल, दर आठवड्याची खर्ची, अवकाळीत भिजलेल्या कच्च्या विटा, सगळं कापून वर यांच्याच अंगावर बाकी निघाली होती. म्हणजे पुढच्या सालीही तिथंच राबायचं.

मंडळात विषय काढला, तर बुवा म्हणाले, "जेवू घालनं आपलं काम हाय बापू, भांडन लावनं नाही." पंगतीचं तेल दरसाल त्याच भट्टीवरून येतं, हे कोणी बोललं नाही. ठाऊक सगळ्यांना होतं.

मला ते पटलं नाही. गाव झाडल्याशिवाय भाकर न घेणाऱ्या गाडगेबाबांचं नाव आपण घेतो, तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत श्रमावर आख्खा अध्याय लिहिला, आणि घामाच्या पैशाचा विषय निघाला की मुकाट बसायचं? निवृत्त मास्तर माझ्या बाजूनं बोलले. उचलीपायी माणूस अडकवून ठेवणं 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे, त्यांनी सांगितलं. परराज्यातून मजूर आणणाऱ्या ठेकेदारानं फोटो लावलेलं पासबुक द्यावं, त्यात मजुरीचा दर आणि कपात लिहावी, असं 2025 पर्यंत लागू असलेला 1979 चा कायदा सांगायचा. इथं पासबुक म्हणजे ती रेघांची वही!

शेवटी बुवाही भट्टीवर यायला निघाले. मशिदीतले एक चाचा सोबत आले. भट्टीवाल्याशी त्यांची जुनी देवघेव. कोणी आवाज चढवला नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि मास्तर एकेक रकम वाचत गेले. भिजलेल्या विटांची कपात गेली, अंगावरची बाकी मिटली, गावी जायचं भाडं आणि वर थोडे पैसे हाती आले. पूर्ण मजुरी मिळाली नाही. लेखी तक्रारीला ती माणसं तयार नव्हती. "फिर काम कौन देगा?" बाईनं विचारलं. यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतं.

पुढच्या दिवाळीला मंडळानं भट्ट्यांवर वह्या वाटल्या. त्या सालच्या पंगतीला त्या भट्टीवरून तेल आलं नाही. वर्गणी काढून घेतलं.

पालखीच्या वाटेवर अन्नदान करणाऱ्या मंडळांना एवढीच विनंती आहे: वाढता वाढता 'हिशेब झाला का?' हेही विचारा. नसेल झाला, तर आपल्या जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे त्यांच्यासोबत जा. एकटा मजूर तिथवर जात नाही.