अनुपस्थितीचे वाचन

मोजमाप आणि अर्थ यांचे वैर आहे, अशी एक समजूत आपल्या मराठी विभागांमध्ये पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहे. फ्रान्को मोरेत्ती यांनी २००० साली ‘दूरस्थ वाचना’ची कल्पना मांडल्यापासून तर ती अधिकच कडवी झाली. या समजुतीची परीक्षा साहित्याच्या अंगणात न घेता एकदा गोठ्यात घ्यावी, असे आम्हां दोघांना वाटते. त्याला कारणही आहे. आमच्यापैकी एकाचे घर माणदेशातले, खिलार जनावरांचे. आणि आमच्या वर्गातील कितीतरी विद्यार्थी सकाळची धार काढून महाविद्यालयात येतात.

पशुविज्ञानात मोजणीने घडविलेले स्थित्यंतर थोडक्यात असे. पूर्वी वळूची खरी पारख त्याच्या मुली व्याल्या, दुभत्या झाल्या की मगच होई. त्यात पाचेक वर्षे जात. २००१ मध्ये मेउविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी दाखवून दिले की, संपूर्ण जनुकसंचावर विखुरलेल्या खुणा एकत्रितपणे विचारात घेतल्या, तर वासरू लहान असतानाच त्याच्या गुणांचा अंदाज बांधता येईल. पुढे सुमारे ५४,००० खुणा एकाच वेळी वाचणारी चिप आली आणि जानेवारी २००९ पासून अमेरिकेत होल्स्टीन जनावरांचे असे मूल्यमापन अधिकृतपणे होऊ लागले. आता तर गळपट्ट्यातील संवेदक गाईच्या रवंथाची मिनिटेही नोंदवितात.

या मोजणीतून निघालेली एक हकिगत आम्हांला समीक्षेच्या दृष्टीने विलक्षण वाटते. १९६२ साली जन्मलेला ‘पॉनी फार्म आर्लिंडा चीफ’ हा होल्स्टीन वळू भरपूर दुधाच्या मुलींमुळे विख्यात झाला. त्याला सुमारे सोळा हजार मुली झाल्या. नाती आणि पणती मोजायच्या तर आकडा लाखांत जातो. २०११ मध्ये अमेरिकी कृषी खात्यातील व्हॅनरॅडन व त्यांचे सहकारी हजारो जनावरांच्या जनुकनोंदी तपासत असताना एक गोष्ट पुढे आली. एक विशिष्ट जनुकखंड आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेला अनेकांत आढळत होता. दोघांकडूनही आलेला मात्र एकाही जिवंत जनावरात नव्हता. गणिताप्रमाणे तो काहींत असायलाच हवा होता. नव्हता, कारण अशी वासरे गर्भातच मरत होती. हा दोष ‘चीफ’च्या वंशातून पसरला होता. त्यापायी पाच लाखांहून अधिक गर्भ गेले आणि सुमारे ४२ कोटी डॉलरांची हानी झाली, असा पुढे अंदाज केला गेला.

एकट्या गोठ्यातून यातले काय दिसत होते? ‘गाय उलटली’, एवढेच. मालक नशिबाला बोल लावी आणि पुन्हा गाय भरवी. एकेक नोंद मुकी होती. हजारो नोंदी शेजारी मांडल्या तेव्हा त्यांच्यातील मौन ऐकू आले. संहितेत काय आहे यापेक्षा काय नाही, कोण बोलत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना शोधायला सांगतो. येथे ते काम आकड्यांनी केले. मोजणी अर्थाची वैरी आहे, असे यानंतर सरसकट म्हणता येत नाही.

परंतु ‘चीफ’ला जगभर पोहोचविले तेही मोजणीनेच. लिटर मोजले गेले, न जन्मलेली वासरे मोजली गेली नाहीत. तेव्हा मोजावे की मोजू नये, हा प्रश्नच गौण ठरतो. रकाने कोणी आखायचे, हा खरा प्रश्न आहे.

तो आपल्याही दाराशी आला आहे. आपल्या जनावरांच्या कानांत बारा अंकी क्रमांकाचे पिवळे बिल्ले आहेत. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे गाईंसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचे अनावरण झाले. चिप खुणा वाचते. त्या खुणांचा अर्थ मात्र गोठ्यातील नोंदींवरूनच लावावा लागतो. खिलार ही ओढकामाची जात. तिला केवळ दुधाच्या रकान्यात बसविले, तर ती नापासच होणार. उन्हातली चाल, कोरड्या कडब्यावर तग धरणे, हे गुण माणदेशातल्या शेतकऱ्याला ठाऊक असतात. ते सांगणारी त्याची भाषा कोणत्याही तक्त्याहून जुनी आहे. त्या भाषेत भोवऱ्यावरून बैलाची खोड ठरविणारे समजही आहेत, हे मान्य. पण त्या समजांसकट सगळेच ज्ञान टाकून देणे परवडणारे नाही.

म्हणून यंदा आम्ही विद्यार्थ्यांना आपापल्या गोठ्यांतील शब्द जमवावयास सांगितले आहे: वेत, भाकड, कालवड, पान्हा चोरणे, उलटणे. प्रत्येक शब्दापुढे तो नेमके कोणते निरीक्षण सांगतो, हे त्यांनी घरच्या माणसांना विचारून लिहावयाचे आहे. ही यादी पुढे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर ठेवावी आणि यांपैकी कशाची नोंद होते, कशाची होत नाही, हे त्यांना विचारावे, असा विचार आहे.