वैनगंगेच्या डोहावर

सिवनी जिल्ह्यातील मुंडारा गावापाशी उगम पावणारी वैनगंगा सरळ दक्षिणेची वाट धरीत नाही. सातपुड्याच्या सोंडांना वळसे घालीत, अर्धवर्तुळाकार प्रवास करीत, मंडल्याकडून येणारी थांवर नदी पोटात घेतल्यावर मग ती दक्षिणवाहिनी होते, आणि बालाघाटच्या सखल, भातशेतीच्या मुलुखात उतरण्यापूर्वी खडकांच्या कोंडीतून वाट काढीत जाते. या पट्ट्यात तिचे रूप क्षणोक्षणी पालटते. आता फेसाळणारा खळाळ, तर शंभर पावलांवर कड्याच्या सावलीतला निश्चल, गहन डोह; काठाला अर्जुन, जांभूळ आणि उंबर, त्यांच्यामागे बांबूची दाट बने. महसीर नावाच्या बलाढ्य, स्वतंत्र वृत्तीच्या मत्स्याला जे जे हवे, ते ते सर्व येथे सृष्टीने एकत्र आणून ठेवले होते.

माझे मामा वनखात्यात रेंजर होते. गोंदियाहून जबलपूरला जाणारी सातपुड्याची छोटी गाडी त्या काळी डोंगरांतून डुलत जात असे. तिने लामत्याला उतरून पुढे बैलगाडीने आम्ही नदीकाठच्या एका सरकारी विश्रामगृहात दाखल होत असू. दिवाळी सरलेली, धान कापणीला आलेले, पावसाळ्याचा गढूळपणा तळाशी बसून पाणी काचेसारखे निवळलेले, असा तो हंगाम असे. चौकीदार कंदील पुसून ठेवी, मामा आपला रोजनामचा पुरा करीत, आणि मग चिरलेल्या वेळूच्या पट्ट्या जोडून घडविलेली मासेमारीची लवचीक छडी पेटीतून बाहेर निघे.

मामांच्या संग्रहात हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने 1873 साली प्रसिद्ध केलेला, हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवरचा ग्रंथ होता. साहेबलोकांना ट्राउट माशाचा इतका ध्यास की, त्याची अंडी बर्फात जपून समुद्रपार आणवून 1900 च्या सुमारास त्यांनी काश्मीरच्या ओढ्यांत आणि त्यानंतर निलगिरीच्या थंड प्रवाहांत त्याची वसाहत केली. निलगिरीत रुजलेला इंद्रधनुषी ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिककडील नद्यांचा. शीतल आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यावाचून तो जगत नाही, म्हणून वैशाखात तापणाऱ्या आमच्या मुलुखात त्याचा निभाव लागणे अशक्यच. परंतु थॉमससारख्या जाणकारानेही महसीराची झुंज सामन माशाच्या झुंजीच्या तोडीची, किंबहुना तिच्याहून सरस मानली, हे वाचताना बालाघाटच्या मुलाला जो अभिमान वाटे, तो आजही ओसरलेला नाही.

कृत्रिम माशीने मासा धरण्याची विद्या मामांनी मला याच काठावर शिकविली. साध्या गळात शिसे किंवा आमिष जड असते आणि ते दोराला ओढीत नेते. येथे पिसे आणि रेशीम गुंडाळून केलेली ती माशी जवळजवळ वजनहीन असते आणि भार असतो तो दोराचा. छडी मागे न्यावी, दोर पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबावे, मग मनगट आवरून ती पुढे आणावी, म्हणजे दोर हवेत वळसा घेऊन सरळ होतो आणि माशी पाण्यावर आपोआप पडलेल्या कीटकाप्रमाणे अलगद टेकते. सारे कौशल्य त्या क्षणभराच्या थांबण्यात आहे. बळाने ते साधत नाही आणि घाईने तर मुळीच नाही.

तथापि माशी कोठे टाकावी, हे ज्ञान मला दिले ते एका वृद्ध ढिवराने. जन्मभर जाळे फेकून उदरनिर्वाह केलेले ते गृहस्थ माझ्या हातातील छडीकडे पाहतही नसत. ते पाहात पाण्याकडे. “पयले पानी पाय, भाऊ, मासोरी मंग दिसते,” असे ते म्हणत. खळाळ जेथे डोहात शिरतो, तेथे वेगवान आणि संथ पाण्याच्या सांध्यावर महसीर तोंड वर प्रवाहाकडे करून उभा असतो, कारण वाहून येणारे अन्न तेथे विनासायास मिळते. उंबराची फांदी पाण्यावर ओणवली असेल, तर पिकलेल्या फळांसाठी तो त्या सावलीत येतो. आणि पावसाळा ओसरताना लहान नाल्यांच्या मुखाशी तो हमखास सापडतो, कारण विणीसाठी चढून गेलेला मासा त्याच वाटेने डोहाकडे परततो, हे सर्व मी त्यांच्याकडून शिकलो.

एका सकाळी अशाच नाल्याच्या मुखाशी माशी पाण्यावर टेकते न टेकते तोच दोराला असा हिसका बसला की, रीळ किंचाळू लागले. महसीर ट्राउटप्रमाणे पाण्याबाहेर उसळ्या घेत नाही. तो सारे सामर्थ्य पहिल्याच धावेत एकवटतो आणि खोल पाण्यातील खडकांकडे झेपावतो. कधी दोर सोडीत, कधी आवरीत, खडकाखडकावरून त्याच्यामागे जात अखेर मी त्याला उथळ पाण्यात आणले: तळहाताएवढे सोनेरी खवले, जाड ओठ, त्यांच्या कडेला मिशांच्या दोन जोड्या. तोंडात दात नसले, तरी घशातील दातांनी शिंपले भरडणारा असा हा प्राणी. मी हर्षाने वळून पाहिले, तर ते ढिवरबाबा गुडघाभर पाण्यात उतरलेले. “हे मोठी मादी हाय, भाऊ. नदीचं बियानं हाय हे. सोडून दे,” ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी तिला प्रवाहासमोर धरले, कल्ल्यांची हालचाल पूर्ववत होईपर्यंत धीर धरला आणि मग हात बाजूस घेतले. त्या दिवशी त्यांच्या घरी पुरेसे अन्न होते असे नाही, हे मला ठाऊक होते. म्हणूनच त्या कृतीचे मोल मला अधिक वाटते.

मादी विणीसाठी वाळू-गोट्यांच्या उथळ, वाहत्या पाण्यात चढते आणि अंडी एकाच वेळी न घालता टप्प्याटप्प्याने घालते. म्हणजे पावसाळ्यात तिच्या वाटेवर लावलेले एक जाळे पुढील अनेक हंगामांचे मत्स्यधन हिरावून घेते. कायद्याने हे ओळखले आहे: मध्यप्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा मासेमारीचा बंद ऋतू ठरविलेला आहे, आणि 2011 साली महसीराला राज्यमत्स्याचा दर्जाही देण्यात आला. परंतु बंधाऱ्यांनी अडविलेली वाट हुकुमाने मोकळी होत नाही, सुरुंगाच्या दारूने उद्ध्वस्त झालेला डोह सन्मानाने भरून येत नाही, आणि उपसून नेलेल्या वाळूच्या जागी अंडी रुजत नाहीत. धरणांतून बारमाही पाणी वाहते ठेवणे, नाल्यांची मुखे पावसाळ्यात जाळ्यांपासून मुक्त ठेवणे, आणि या रखवालीत ढिवरांना मानाने व मोबदल्याने सहभागी करून घेणे, एवढे झाले तरच त्या सन्मानाला अर्थ येईल. ज्याला कार्तिकात डोहावर छडी घेऊन उभे राहण्याचा आनंद हवा, त्याने आषाढ-श्रावणात नाल्याच्या मुखाशी पहारा द्यावा. मत्स्यप्रेमाची याहून खरी कसोटी मला माहीत नाही.