साबणाच्या डबीतला आवाज

स्मरणिकेसाठी शाळेतील एखादी आठवण लिहून पाठवावी, असा निरोप आला, तेव्हा आम्हां चौघांचे एका गोष्टीवर लगेच एकमत झाले. आज आम्ही चार गावांना आहोत. एकत्र बसून लिहिणे जमले नाही; दूरध्वनीवर बोलत, एकमेकांच्या विसराळूपणावर हसत आणि एकमेकांच्या चुका दुरुस्त करीत हा मजकूर तयार झाला. म्हणून तो कोणा एकाचा नाही, आम्हां सर्वांचा आहे. आठवण आहे साबणाच्या एका डबीची.

सन २००६ मध्ये आम्ही नववीत होतो. त्या वर्षांत खेड्यापाड्यांत भारनियमन दिवसाचे कित्येक तास चालत असे. सभागृहातील ध्वनिवर्धक वीज असली तरच बोले. वर्गखोल्यांत तर तो कधीच नव्हता. सायंकाळची वंदना अंधारात आणि रात्रीचा अभ्यास कंदिलाच्या उजेडात करण्याची आम्हांला सवय झाली होती.

आमच्या मराठीच्या सरांचा आवाज एके काळी मैदानापलीकडे ऐकू जाई, असे वरच्या वर्गातील मुले सांगत. आमच्या वाट्याला तो आवाज आला नाही. त्या उन्हाळ्यात सरांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि जूनमध्ये ते परत आले ते बारीक, खरखरीत आवाज घेऊन. वर्गात आम्ही साठ मुले. पहिल्या तीन ओळींना शब्द कळत, चौथीला अर्धेमुर्धे आणि भिंतीलगतच्या शेवटच्या बाकांना केवळ ओठांची हालचाल दिसे.

आम्ही त्या शेवटच्या बाकावर बसत होतो. येथे एक कबुली दिली पाहिजे. सर ऐकू येत नाहीत याचे आम्हांला दुःख नव्हते. उलट सोय वाटत होती. वहीच्या मागच्या पानावर फुल्ली-गोळा चाले, कुजबुज चाले आणि त्या कुजबुजीने पुढच्या ओळींनाही सर ऐकू येईनासे होत. ऑगस्टमध्ये एके दिवशी सर बोलता बोलता थांबले. खडू त्यांनी फळ्याच्या कडेवर ठेवला. रागावले नाहीत. म्हणाले, “पोरांनो, माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही, हा तुमचा दोष नाही. दिवाळीनंतर हा वर्ग दुसऱ्या कोणाकडे द्यावा, असं मी मुख्याध्यापकांना सांगणार आहे.”

त्यांनी छडी उगारली असती तर आम्ही तो प्रसंग सायंकाळपर्यंत विसरलो असतो. “हा तुमचा दोष नाही” हे शब्द मात्र विसरता आले नाहीत, कारण ते खरे नव्हते आणि ते खरे नाहीत हे सर्वांत आधी आम्हांला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही विज्ञानाच्या बाईंकडे गेलो. “बाई, सरांचा आवाज मोठा करता येईल का?” बाईंनी आमच्याकडे निरखून पाहिले. “तयार यंत्र विकत घ्यायला शाळेकडे पैसे नाहीत. स्वतः करणार असाल तर शिकवते,” त्या म्हणाल्या. सोल्डरिंगची इस्त्री आमच्यापैकी कोणीही हातात धरलेली नव्हती. रेझिस्टर आणि कपॅसिटर हे शब्द पाठ होते. त्या वस्तू पाहिलेल्या नव्हत्या.

बाईंनी फळ्यावर आठ पायांचा एक चौकोन काढला आणि त्याच्याखाली ‘एलएम ३८६’ असे लिहिले. नखाएवढ्या आकाराचा हा आयसी चार ते बारा व्होल्टवर चालतो. म्हणजे घरातल्या विजेची त्याला गरज नाही. त्याच्या मदतीला मोजकेच सुटे भाग लागतात. बाईंचे पहिलेच वाक्य असे होते : “हा आयसी स्वतःचं बळ देत नाही. बळ बॅटरीचं असतं.” मग त्यांनी हौदाचा दाखला दिला. हौद पाण्याने भरलेला असतो, तोटीची चावी फिरवायला मात्र बोटाचे बळ पुरते. माईकमधून येणारा क्षीण संकेत म्हणजे ते बोट, बॅटरी म्हणजे हौद आणि आयसी म्हणजे चावी. बोट जसे हलेल तशी धार कमीजास्त होईल. सरांच्या घशावर कोणताही ताण न देता त्यांचा आवाज मोठा कसा होऊ शकतो, हे त्या दिवशी आम्हांला कळले.

आमच्यापैकी एकाचे वडील मुंबईत कामाला होते. महिन्याकाठी ते भेटायला येत. त्यांना आम्ही कागदावर यादी लिहून दिली आणि लॅमिंग्टन रोडवरून त्यांनी कागदाच्या पुडीत सारे सामान आणले : दोन आयसी, कपॅसिटर, रेझिस्टर, शर्टाच्या गुंडीएवढा एक कंडेन्सर माईक. स्पीकर भंगारवाल्याकडच्या एका मुक्या रेडिओतून मिळाला. डबी वसतिगृहातलीच, साबण संपलेली. तापवलेल्या खिळ्याने तिला भोके पाडली.

डाग द्यायला वीज लागे, म्हणून भारनियमनाचे वेळापत्रक आम्ही प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवले होते. इस्त्री तापली की राळेचा धूर निघे आणि डोळ्यांत पाणी येई. पहिले डाग ज्वारीच्या दाण्यांसारखे गोळा झाले. वरून चिकटलेले, आतून सुटे. बाई म्हणत, “शिसं इस्त्रीवर वितळवू नका. आधी जोड तापवा, शिसं आपणहून धावत जाईल.” हे हाताला उमजायला आठवडा लागला.

पहिला आयसी आम्ही मारला. त्याच्या एका टोकाला खाच असते. ती वर धरून डावीकडून खाली आणि मग उजवीकडून वर अशी पायांची मोजणी करायची असते. पण डाग पट्टीच्या मागच्या बाजूने द्यायचे असतात आणि पट्टी उलटली की आरशातल्याप्रमाणे डावे उजवे होते. आम्ही मोजणी मागूनच केली. सहाव्या पायाला द्यायचे नऊ व्होल्ट तिसऱ्याला गेले आणि चौथ्या पायाची ऋण तार पाचव्याला. आयसी बोट लावता येणार नाही इतका तापला आणि संपला. दोघांपैकी एक गेला. त्या रात्री आम्ही जेवणाच्या पंगतीतही कोणाशी बोललो नाही. बाईंनी एवढेच केले, की दुसरा आयसी थेट न जोडता आधी आठ पायांचा बेस बसवायला लावला आणि प्रत्येक पायाचा आकडा पट्टीच्या दोन्ही बाजूंना लिहायला लावला.

दुसऱ्या खेपेला स्पीकर बोलला, पण माणसासारखा नव्हे. फट्, फट्, फट्! डबीत फटफटी सुरू झाली आहे असेच वाटावे. आयसी पुन्हा बिघडला, या भीतीने आमची तोंडे उतरली. दोष आयसीचा नव्हता, बॅटरीचा होता. आम्ही वापरलेली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी जुनी होती. आवाजासाठी विजेची मागणी वाढली, की तिचा दाब खाली बसे. दाब बसला की आवाज तुटे. मागणी थांबली की दाब पुन्हा वर येई. हे चक्र सेकंदाला कित्येकदा फिरत होते. बाईंनी आयसीच्या अगदी जवळ, सहाव्या आणि चौथ्या पायांच्या मध्ये, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. अचानक लागणारी वीज क्षणभर पुरवणारी ती दाराजवळची घागर. आणि चौकोनी बॅटरीऐवजी दीड व्होल्टचे सहा पेन्सिल सेल एका रांगेत जोडायला सांगितले.

ते सेल वसतिगृहातील मुलांनी आपापल्या विजेऱ्यांतून काढून दिले. रात्री अंधारात बाहेर जायचे तर विजेरीच आधार, तरीही दिले. सहांत दोन जुने निघाले आणि त्यांनी बाकीच्यांनाही ओढून खाली आणले. तेव्हा वर्गात वर्गणी काढून सहाही सेल नवे, एका जातीचे आणले गेले आणि विजेऱ्यांचे सेल ज्याचे त्याला परत केले. सरांच्या आवाजात त्या दिवसापासून सबंध वर्गाचा वाटा झाला.

सप्टेंबर संपता संपता डबी वर्गात आली. माईक सरांच्या सदऱ्याच्या खिशाला टाचला, डबी आणि स्पीकर टेबलावर ठेवला. सरांनी पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच स्पीकरने कान फाडणारी शिट्टी मारली. साठ मुले हसली. आम्ही व्हॉल्यूमची फिरकी कमी केली. शिट्टी थांबली, पण सरांचा आवाजही होता तेवढाच राहिला. फिरकी वाढवली की पुन्हा शिट्टी. सरांनी माईक काढला, घडी करावी तितक्या काळजीने तार गुंडाळली आणि म्हणाले, “राहू द्या. तुम्ही केलंत, एवढं पुरे.” आम्हांला ते पुरे नव्हते.

बाईंनी कारण समजावले. स्पीकरमधून निघालेला आवाज माईकमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. घंटेचा नाद घंटेवरच येऊन आदळावा तसा. एलएम ३८६ च्या पहिल्या आणि आठव्या पायांमध्ये काहीच जोडले नाही, तर तो संकेत वीसपट करतो. दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की दोनशेपट. आम्ही हावरेपणाने दोनशे निवडले होते. त्या कपॅसिटरच्या रांगेत १.२ किलोओहमचा रेझिस्टर घातला, की ते प्रमाण पन्नासावर येते. ते केले. शिट्टी उशिरा येऊ लागली, पण येत राहिली.

मग आमच्यापैकी एक, जो सर्वांत कमी बोलत असे, म्हणाला, “बाई, पुढच्यांना तर सर ऐकू येतातच. स्पीकर पुढे ठेवलाच कशाला?”

बाई हसल्या आणि त्यांनी तारेचे भेंडोळे आमच्या हाती दिले. तार कोठे वाढवायची, हाही त्या दिवशीचा धडा होता. माईकपासून डबीपर्यंतची तार आखूड हवी, कारण तेथे संकेत क्षीण असतो आणि वाटेतली खरखर त्याला सहज गिळते. डबीपासून स्पीकरपर्यंतची तार लांब चालते, कारण तोवर संकेत बळकट झालेला असतो. डबी सरांच्या टेबलावर राहिली. भिंतीच्या कडेने पंचवीस फूट तार गेली आणि स्पीकर शेवटच्या बाकामागच्या खिडकीत बसला.

सर बोलले. शिट्टी आली नाही. तो स्पीकर फार तर अर्ध्या वॅटचा आवाज देत असेल, तरी आमच्या पाठीमागून, हाताच्या अंतरावरून, एकेक शब्द येऊ लागला. समोर सर आणि मागे त्यांचा आवाज. सरांनी मधेच थांबून विचारले, “मागे येतंय का?” आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. मान हलवली. शेवटच्या बाकावर बसून लपण्याची आमची जागा आम्ही स्वतःच्या हातांनी बंद केली होती.

दिवाळीनंतर वर्ग दुसऱ्या कोणाकडे गेला नाही. सर आम्हांला नववीत आणि दहावीतही मराठी शिकवत राहिले. तास संपल्यावर डबीचे बटण बंद करायला ते नेहमी विसरत. ते काम पाळीपाळीने मागच्या बाकाने पत्करले. सेल संपले की वर्गणी निघे. ती देताना कोणी कुरकुरले, असे आम्हांला आठवत नाही.

आमच्यापैकी एक आज वीज वितरणात काम करतो, एक शिक्षक आहे, एक शेती करतो, एकाचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. त्या डबीने आम्हांला अभियंते केले, असे म्हणणे खोटे ठरेल. पण बैठकीत, वर्गात वा ग्रामसभेत बोलायला उभे राहिलो, की आमची नजर आपोआप आधी शेवटच्या ओळीकडे जाते. ही सवय त्या खिडकीतून आली आहे.

ती डबी प्रयोगशाळेच्या कपाटात अजून आहे, असे गेल्या वर्षी शाळेत जाऊन आलेल्या एका मित्राने सांगितले. आज शिकणाऱ्या मुलांना ती सुरू करून पाहावीशी वाटली, तर एवढेच सांगणे आहे : कपॅसिटर इतक्या वर्षांत आतून सुकले असतील, ते आधी बदलावेत. सेल सहाही एका जातीचे, नवे घ्यावेत. पायांचे आकडे पट्टीच्या दोन्ही बाजूंना लिहिलेले आहेत, ते वाचूनच आयसी बसवावा. आणि स्पीकर मागच्या खिडकीतच ठेवावा.